वंशकथा आणि सैनिकाचे निवेदन : परांडा-नळदुर्ग परिसरातील राजवंशीय युद्धांचा एक अन्वयार्थ

१

एका सिंहासनासाठी एकाच घराण्यातील, अथवा सोयरिकीने परस्परांत गुंतलेल्या घराण्यांतील दावेदारांनी केलेला संघर्ष, अशी राजवंशीय युद्धाची रूढ व्याख्या केली जाते. या व्याख्येत सैनिकाला स्थान नाही. तो साधन म्हणून गृहीत धरलेला असतो. युद्धाचा कर्ता वंश आणि युद्धाचा विषयही वंशच. ऐतिहासिक कथनाच्या मराठी चर्चेत ‘सत्य किती आणि कल्पित किती’ हा प्रश्न दीर्घकाळ केंद्रस्थानी राहिला. युद्धाची हकीकत कोण सांगतो, कोणासाठी सांगतो आणि सांगण्याची गरज त्याला का भासते, हे प्रश्न त्यामुळे मागे पडले. वास्तविक, वंशयुद्धाच्या संहितेत सैनिक दिसतो की नाही, हे त्याच्या पराक्रमावर अवलंबून नसते; त्याचे निवेदन कोणत्या व्यवहाराचा भाग आहे, यावर ते अवलंबून असते. या विधानाची तपासणी करण्यास धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील परांडा आणि नळदुर्ग या दोन किल्ल्यांचा परिसर विशेष उपयुक्त आहे. बहमनी सत्ता विघटित झाल्यानंतर निजामशाही आणि आदिलशाही यांच्यातील सरहद्द याच पट्ट्यातून सरकत राहिली, आणि राजघराणे व सैनिक यांचे परस्परावलंबन येथे जवळजवळ उघड्या स्वरूपात आढळते.

२

या संघर्षाच्या आरंभी एक विवाह आहे. परांड्याचा ख्वाजा जहान आणि सोलापूरचा झैन खान या दोघा भावांकडे बहमनी काळापासून जो मुलूख चालत आला होता, त्यातील साडेपाच महालांवर निजामशाही व आदिलशाही या दोन्ही घराण्यांचा दावा होता. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा बुऱ्हाण निजामशहाशी सोलापुरात विवाह झाला, आणि सोलापूरचा किल्ला या महालांसह तिच्यासोबत दिला जाईल, असे ठरले. तो दिला गेला नाही. पुढील सुमारे चार दशके दोन्ही राज्यांत जी युद्धे झाली, त्यांत हा न पाळलेला करार पुन्हा पुन्हा उपस्थित होत राहिला. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वी दोन्ही घराण्यांत नवी सोयरीक झाली, ती हा प्रश्न मिटवण्यासाठीच. हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी अली आदिलशहाला देण्यात आली आणि सोलापूर तिच्या आंदणात गेले.

राजकन्या आणि किल्ला या दोन्हींचा उल्लेख एकाच कलमात होतो, ही बाब येथे लक्षणीय आहे. किल्ला हलवता येत नाही. त्यावरील हक्क मात्र मुलीच्या पाठवणीबरोबर हलतो. परंतु तो हक्क प्रत्यक्षात आणण्याचे किंवा नाकारण्याचे काम किल्ल्यावरील शिबंदी करते. मरियमच्या विवाहानंतरची चाळीस वर्षे या दोन टोकांमधील अंतराचीच वर्षे होती. वंश करार करतो, सैनिक तो खरा किंवा खोटा ठरवतो.

३

१५८० नंतर हे अंतर अधिकच ठळक होते. त्या वर्षी अली आदिलशहाचा खून झाला आणि सुमारे नऊ वर्षांचा इब्राहिम गादीवर आला. चांदबिबी त्याची पालक होती. पण सत्ता एकापाठोपाठ एक सेनानायकांच्या हाती फिरली आणि त्यांपैकी किश्वर खानाने खुद्द चांदबिबीला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. ज्याच्या हाती अल्पवयीन राजा, त्याच्या हाती राज्य, हा नियम विजापुरात असा स्थिर झाला. पुढे अहमदनगरमध्ये त्याची अखेरची परिणती दिसते.

१५९५ मध्ये दुसरा बुऱ्हाण निजामशहा मरण पावला आणि त्याचा मुलगा इब्राहिम काही महिन्यांतच विजापूरच्या फौजेशी लढताना मारला गेला. त्यानंतर एकाच वेळी चार दावेदार उभे राहिले. मियाँ मंजूने अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसवले. तो राजवंशातला नसल्याचे पुढे उघड झाले. हबशी सरदार इखलास खानाने मोती नावाचे एक मूल पुढे केले. त्याच्या कुळाचा पत्ता नव्हता. अभंग खानाने सत्तरीच्या घरातील शाह अलीचा पक्ष घेतला. चांदबिबीने मृत इब्राहिमचा तान्हा मुलगा बहादूर याचा हक्क मांडला. हे चारही दावे वंशाच्या भाषेत मांडलेले आहेत. पण त्यांची मांडणी सैनिकी गटांनी केलेली आहे. सैन्य आधी अस्तित्वात आहे आणि ते आपल्यासाठी वंशज शोधत आहे, असा हा उलटा क्रम आहे. बाजारातले मूलही चालते. पण मूल लागतेच.

याच वादात मियाँ मंजूने मोगलांना पाचारण केले आणि शाहजादा मुराद अहमदनगरवर आला. त्या वेळी इब्राहिम आदिलशहाने मदतीसाठी पाठवलेली फौज शाहदुर्ग येथे, म्हणजे नळदुर्गावर, जमली. फरिश्त्याने सुहैल खानाच्या हाताखालील या घोडदळाची संख्या २५,००० दिली आहे. गोवळकोंड्याची तुकडीही तेथेच येऊन मिळाली, आणि आदल्या वर्षी परस्परांविरुद्ध वेगवेगळी मुले उभी करणारे मियाँ मंजू व इखलास खान हे दोघेही त्याच छावणीत आले. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला लढवला. १६०० मध्ये मोगलांशी तहाची बोलणी करीत असल्याच्या संशयावरून किल्ल्यातील सैन्यानेच तिला ठार केले. त्याच वर्षी अहमदनगर पडले आणि बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

राजधानी नाही, राजा कैदेत आणि शेवटची कर्ती राजस्त्री आपल्याच शिपायांकडून मारली गेलेली, अशा अवस्थेत निजामशाही परांड्याला आली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला जाऊन निजामशाहीचा पेशवा चंगेझ खान याच्याकडे आलेला आणि पुढे स्वतंत्र झालेला मलिक अंबर याने शाह अलीचा पुत्र दुसरा मुर्तझा याला परांड्यात गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. १५२४ च्या सोलापूरच्या विवाहाशी या विवाहाची तुलना केली पाहिजे. तेथे राजाने राजाला बहीण दिली होती. येथे सैनिक राजाला मुलगी देतो आणि आंदणात खुद्द राज्यच देतो. पुढे राजधानी जुन्नर व नंतर दौलताबाद येथे गेली. १६१० मध्ये मुर्तझाचा अंत झाला आणि त्याचा पाच वर्षांचा मुलगा गादीवर आला. राजाच्या इराणी राणीने अंबरच्या मुलीचा ‘गुलामाची पोर’ म्हणून अपमान केला आणि त्यातून हा विषप्रयोग घडला, असे डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक याने नोंदवले आहे. या हकीकतीचा शब्दशः खरेपणा काहीही असो, तिच्यातील अपमान नेमक्या जागी बोट ठेवतो. राज्य राखणाऱ्याला सर्व काही मिळू शकते. कुळ मिळत नाही. १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मलिक अंबर स्वतः राजा झाला नाही.

४

या घटना ज्या संहितांमधून आजवर पोहोचल्या, त्यांत फरिश्त्याचा इतिहास प्रमुख आहे. फरिश्ता स्वतः सैनिक होता. मुर्तझा निजामशहाच्या राजवाड्यातील पहाऱ्यावर तो अधिकारी असताना १५८८ मध्ये राजपुत्र मिरान हुसेनने बापाला पदच्युत केले. लहानपणची ओळख असल्यामुळे मिरान हुसेनने फरिश्त्याला जिवंत सोडले. तरीही विजापूरच्या आश्रयाने इतिहास लिहिताना त्याने प्रकरणांची रचना केली, ती राजवंशानुसार आणि प्रत्येक वंशात राजवटीनुसार. सैनिकाने लिहिले म्हणून संहिता सैनिकाची होत नाही. तिचे रूप आश्रयदाता ठरवतो. नळदुर्गावरचे २५,००० स्वार या रूपात एक संख्या म्हणून येतात.

परांड्याशी निगडित दुसरी संहिता धातूची आहे. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. तिच्यावरील लेखांत निजामशहाचे नाव आहे, मुहम्मद रूमी या ओताऱ्याचे आहे, आणि विजापूर जिंकल्यानंतर औरंगजेबाने कोरवलेला मजकूरही आहे. ज्याने करवली, ज्याने केली आणि ज्याने जिंकली, त्यांची नावे तिच्यावर आहेत. जे गोलंदाज तिच्यामागे उभे राहिले आणि ज्यांनी ती परांड्याहून ओढत नेली, त्यांचे नाव नाही. महाराष्ट्रात गावोगावी उभ्या असलेल्या वीरगळांचीही बव्हंशी हीच स्थिती आहे. त्यांवर लढाई आहे, स्वर्गारोहण आहे, शिवपूजा आहे. पण बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. योद्धा शिल्पात येतो, लेखनात येत नाही.

५

हे दख्खनचेच वैशिष्ट्य आहे काय, हे पाहण्यासाठी वंशयुद्धांची जुनी लेखनपरंपरा ज्या देशाने मागे ठेवली, त्या प्राचीन इजिप्तकडे वळणे उपयुक्त ठरते. इसवी सनपूर्व सोळाव्या शतकात थीब्झच्या राजघराण्याने उत्तरेतील हिक्सोस राजांविरुद्ध युद्ध केले. अहमोस राजाने कर्नाक येथे उभारलेल्या शिलालेखात राणी अहहोतेपचा गौरव आहे. तिने सैनिकांची काळजी घेतली, पळून गेलेल्यांना परत आणले, असा त्याचा आशय आहे. थीब्झ येथे या नावाच्या राणीच्या दफनात सोन्याच्या माश्या सापडल्या, आणि सोन्याची माशी हे लष्करी बक्षीस मानले जाते. चांदबिबीची आठवण येथे अपरिहार्य आहे. मात्र फैजेला एकत्र ठेवल्याबद्दल एका राणीला शिलालेख मिळाला, आणि दुसरीला तिच्याच फौजेने मारले.

परंतु इजिप्तमध्ये याच युद्धाची दुसरी बाजूही अक्षरबद्ध झाली आहे. एल काब येथील थडग्यात ‘एबानाचा पुत्र अहमोस’ या सैनिकाने आपले चरित्र कोरवले. त्याने तीन राजांच्या पदरी चाकरी केली आणि हिक्सोसांची राजधानी आवारिस हिच्या वेढ्यात तो लढला. हे निवेदन वरकरणी राजनिष्ठेचे आहे. त्याची रचना पाहिली, तर ती हिशेबाची आहे. कोणत्या लढाईत काय केले, त्याबद्दल शौर्याचे सोने कितव्यांदा मिळाले, किती दासदासी मिळाल्या, कोठे जमीन मिळाली, हा त्याचा क्रम आहे. सोने एकूण सात वेळा मिळाले, आणि मिळालेल्या दासदासींची यादीही स्वतंत्रपणे कोरलेली आहे. सैनिक येथे वीर म्हणून बोलत नाही, हक्कदार म्हणून बोलतो. मिळकत वारसांकडे जावयाची आहे. म्हणून चाकरीची नोंद हवी.

६

हा निकष घेऊन मराठीकडे परतले असता एक वेगळेच दृश्य दिसते. सैनिकाचे निवेदन मराठीत नाही, असे नाही. ते साहित्य म्हणून वाचले गेलेले नाही. करीने, महजर, कैफियती या लेखनप्रकारांत चाकरी आणि वतन यांची तीच सांगड आहे. परांड्याच्या पट्ट्यापासून दूर, भोर भागातील जेध्यांचा करीना हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी कान्होजी जेध्यांनी शिवाजी महाराजांसमोर वतनावर पाणी सोडल्याची हकीकत त्यात आहे. वतन टिकवण्यासाठी लिहिलेल्या संहितेत वतन सोडल्याची कथा मध्यवर्ती असावी, हा विरोधाभास नव्हे. त्यागाची नोंद हाच तेथे हक्काचा सर्वांत मोठा पुरावा आहे. बखरीत राजा नायक असतो. करीन्यात राजे येतात आणि जातात. घराणे मात्र टिकते, आणि ते घराणे सैनिकाचे असते.

या दोन कथनरूपांमधील ताण भोसले घराण्याच्या वाटचालीतही दिसतो. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी पेमगिरी येथे निजामशाही वंशातील अल्पवयीन मुर्तझाला गादीवर बसवले. परांड्यात मलिक अंबरने केले, तेच हे होते. १६३६ मध्ये माहुली येथे त्याचा शेवट झाला. सैनिकाने राजवंशाचे मूल पुढे करून राज्य चालवण्याची रीत येथे संपली. शिवाजी महाराजांनी दुसऱ्याच्या वंशातले मूल शोधले नाही. १६७४ च्या राज्याभिषेकासाठी मात्र भोसल्यांची वंशावळ सिसोदियांशी जोडली गेली, आणि परमानंदाच्या ‘शिवभारता’त तुळजापूरची भवानी स्वतः नायकाला दर्शन देते. नळदुर्ग ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्याची ही देवी. मलिक अंबरला जे मिळाले नव्हते, ते येथे संहितेने मिळवून दिले. इजिप्तमध्येही सेनापती होरेमहेब राजा झाल्यावर आणि त्याच्यामागून सैनिकी कुळातील रामसेस घराणे आल्यावर, सेती राजाने अबिडोस येथे कोरवलेल्या राजावळीत होरेमहेबच्या लगतपूर्वीचे चार राजे वगळले गेले. सैनिक राजा होतो, तेव्हा त्याला वंशकथा लागते. आणि वंशकथा लिहिली गेली की तो सैनिक होता, हे मागे पडू लागते.

मराठी ऐतिहासिक कादंबरीने बखरीचे रूप स्वीकारले आणि त्याबरोबर वंशाची दृष्टीही स्वीकारली. परांड्याच्या तटावर किंवा नळदुर्गाच्या बोरी नदीवरील बंधाऱ्यापाशी उभा असलेला शिपाई म्हणूनच तिच्यात गर्दीचा भाग राहतो. त्याला करुणेपोटी एखादे प्रकरण बहाल केल्याने हे बदलणार नाही. त्याचे स्वतःचे निवेदन दप्तरात आहे. ते तक्रारीचे, हिशेबाचे आणि हक्काचे आहे, म्हणून कोरडे वाटते. करीना आणि महजर यांना इतिहासाची साधने मानून इतिहासकारांच्या स्वाधीन करण्याऐवजी, बखरीइतकीच स्वतंत्र कथनरूपे म्हणून त्यांचे वाचन करणे, हे मराठी समीक्षेपुढील अपुरे राहिलेले काम आहे.