विदा समक्रमण (महाजाल उपयोजने)

विदा समक्रमण म्हणजे वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये वा भ्रमणध्वनीत असलेली माहितीची प्रत आणि मध्यवर्ती सर्व्हरवरील प्रत या दोहोंत मेळ राखण्याची प्रक्रिया होय. एकच नोंद दोन ठिकाणी असते आणि दोन्ही ठिकाणी ती बदलू शकते, या एका वस्तुस्थितीतून या विषयातील बहुतेक अडचणी उद्भवतात. महाराष्ट्रात या प्रक्रियेचा सर्वसामान्यांना आलेला सर्वांत व्यापक अनुभव म्हणजे राज्य शासनाचे 'ई-पीक पाहणी' हे उपयोजन होय. ते मुख्यतः भ्रमणध्वनीवर चालते. तथापि प्रत आणि मूळ यांच्या मेळाचा प्रश्न महाजालावरील उपयोजनांत आणि त्यात सारखाच आहे.

पार्श्वभूमी

आरंभीच्या संकेतस्थळांवर हा प्रश्न फारसा नव्हता. अर्ज भरून पाठवला की सर्व्हर नवे पान तयार करून देई. ब्राउझर स्वतःजवळ काही राखून ठेवत नसे. पुढे पान न बदलता पार्श्वभूमीवर माहितीची देवाणघेवाण करण्याचे तंत्र रूढ झाले. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी त्याला 'एजॅक्स' हे नाव दिले. पान एकदाच उघडायचे आणि माहितीचे प्रारूप ब्राउझरमध्येच बाळगायचे, ही पद्धत त्यानंतर वाढली. २०१० मध्ये जेरेमी अ‍ॅश्केनास यांनी प्रसिद्ध केलेल्या 'बॅकबोन' या जावास्क्रिप्ट संग्रहात प्रारूपातील निर्मिती, वाचन, बदल आणि विलोपन या चार क्रियांची सांगड एचटीटीपीच्या पोस्ट, गेट, पुट आणि डिलीट या विनंत्यांशी घातलेली होती. ब्राउझरमध्ये मोठ्या प्रमाणावर माहिती साठवण्याची सोय देणारे 'इंडेक्स्ड डीबी' हे मानक जानेवारी २०१५ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने शिफारसीच्या रूपात प्रसिद्ध केले. सर्व्हरने आपणहून बदल कळवावा यासाठी 'वेबसॉकेट' हा संकेत २०११ पासून प्रमाणित आहे.

ई-पीक पाहणी

सातबारा उताऱ्यातील गाव नमुना सात हा जमिनीच्या हक्काचा, तर गाव नमुना बारा हा पिकांचा असतो. पिकांची नोंद परंपरेने तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी प्रकल्पात ही नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी, अशी योजना झाली. शेतकरी शेतात उभा राहून खाते, गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन निवडतो व पिकाचे छायाचित्र काढतो. छायाचित्रासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात.

शेतात नेटवर्क नसल्यास माहिती भ्रमणध्वनीतच साठते आणि नेटवर्क मिळाल्यावर ती पाठवता येते. समक्रमणाच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ तो हाच. शेतकऱ्याच्या लेखी नोंद झालेली असते, सर्व्हरच्या लेखी ती अस्तित्वातच नसते. या अवधीत भ्रमणध्वनी बिघडला, उपयोजन काढून टाकले गेले किंवा हंगामाची मुदत उलटली, तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही. पीक विम्याचा दावा, अतिवृष्टीची मदत आणि हमीभावाने होणारी खरेदी यांत या नोंदीचा आधार घेतला जात असल्याने हे नुकसान केवळ तांत्रिक राहत नाही. म्हणून 'साठवले' आणि 'पोहोचले' या दोन अवस्था पडद्यावर स्पष्टपणे वेगळ्या दाखवणे ही अशा उपयोजनाची पहिली कसोटी ठरते. पाठवण्याआधीच यश दाखवण्याची 'आशावादी' पद्धत संदेशांच्या वा छायाचित्रांच्या उपयोजनांत सोयीची असली, तरी जमिनीच्या अभिलेखात ती घातक आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. शेतकऱ्यांच्या नोंदी स्वयंप्रमाणित मानून त्यांपैकी १० टक्के नोंदींची तपासणी तलाठ्यांनी करावी, असेही ठरले. म्हणजे एका नोंदीला दोन लिहिणारे हात झाले. मात्र कोणी केव्हा लिहावे हे नियमानेच बांधून दिल्यामुळे संघर्षाचे क्षेत्र आटोपशीर राहिले. गुंतागुंतीच्या गणिती उपायांपेक्षा असा प्रशासकीय नियम अनेकदा अधिक उपयोगी पडतो, याकडे संगणकतज्ज्ञांचे काहीसे दुर्लक्षच होते.

पुनःप्रेषण आणि ओळख

विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली, पण तिचे उत्तर वाटेतच हरवले, असे कमकुवत नेटवर्कमध्ये वारंवार घडते. उपयोजन तीच विनंती पुन्हा पाठवते. सर्व्हरने तिला नवी नोंद मानले, तर ०.८० हेक्टर सोयाबीनचे १.६० हेक्टर होईल. यावरील उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला भ्रमणध्वनीतच, पाठवण्यापूर्वी, एक अद्वितीय क्रमांक देणे. तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हर नवी नोंद न करता पूर्वीचेच उत्तर परत देतो. यासाठी १२८ बिटांचा 'यूयूआयडी' सर्रास वापरला जातो. तो निर्माण करण्यासाठी सर्व्हरची परवानगी लागत नाही.

नावावरून ओळख पटवणे मात्र विश्वासार्ह नसते. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात प्रवराकाठी बेलापूर बुद्रुक आणि बेलापूर खुर्द अशी दोन गावे आहेत. श्रीरामपूर शहराच्या रेल्वे स्थानकाचे नावही बेलापूरच आहे. शिवाय नवी मुंबईतील बेलापूर निराळे. दोन प्रती जुळवताना 'बेलापूर' या शब्दावर विसंबले, तर एका गावची नोंद दुसऱ्या गावाच्या नावे चढू शकते. जनगणनेत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक असतो. समक्रमणात जुळणी अशा संकेतांकावरून करावयाची आणि नाव केवळ दाखवण्यापुरते ठेवावयाचे असते.

संघर्ष आणि त्याचे निराकरण

दोघांनी एकाच नोंदीत वेगवेगळे बदल केल्यास 'शेवटचा बदल ग्राह्य' हा सर्वांत सोपा नियम होय. त्यात आधीचा बदल कोणालाही न कळता नाहीसा होतो. शिवाय 'शेवटचा' कोणता, हे ठरवण्यासाठी उपकरणांच्या घड्याळांवर विसंबावे लागते आणि ती घड्याळे जुळतीलच असे नाही. प्रत्यक्ष वेळेऐवजी घटनांचा पूर्वापार क्रम मोजण्याची रीत लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडली.

दुसरा मार्ग आवृत्तीची तपासणी करण्याचा. सर्व्हर प्रत्येक नोंदीसोबत 'ई-टॅग' ही खूण देतो. बदल पाठवताना ग्राहक ती खूण परत सांगतो. दरम्यान नोंद बदलली असल्यास सर्व्हर ४१२ या क्रमांकाचे उत्तर देऊन बदल नाकारतो. मीडियाविकीवर चालणाऱ्या विश्वकोशांत दोन संपादकांनी एकाच वेळी पान जतन केल्यास याच तत्त्वाने मूळ आवृत्तीशी तुलना होते: बदल वेगळ्या परिच्छेदांत असतील तर ते आपोआप एकत्र होतात, एकाच ओळीत असतील तर निर्णय संपादकावर सोपवला जातो.

एकत्रित लेखनासाठी क्रियांचे रूपांतर करण्याची पद्धत १९८९ मध्ये एलिस आणि गिब्स यांनी सुचवली. २०११ मध्ये मार्क शापिरो व सहकाऱ्यांनी मांडलेल्या 'सीआरडीटी' या विदारचनांत बदल कोणत्याही क्रमाने आले, तरी सर्व प्रती अखेर एकाच स्थितीला पोहोचतात. हे अभिसरण गणिताने सिद्ध होते. परंतु निघालेला निष्कर्ष माणसाला अभिप्रेत होता की नाही, याची हमी त्यात नाही. विलोपनही येथे सरळ नसते. पुसलेली नोंद खरोखरच पुसली, तर बराच काळ संपर्काबाहेर असलेले उपकरण ती पुन्हा जिवंत करते. म्हणून 'नोंद पुसली' ही खूण काही काळ जपावी लागते.

देवनागरी मजकुराचा प्रश्न

मराठी माहितीच्या समक्रमणात एक जास्तीची अडचण येते. 'शेतकऱ्यांचे' या शब्दातील 'ऱ' युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच 'र' आणि नुक्ता मिळूनही लिहिता येतो. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि काहीही बदलले नसताना संघर्ष उद्भवतो. युनिकोडच्या 'एनएफसी' प्रमाणीकरणाने ही दोन रूपे एक होतात. मात्र साधा 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक वापरून तोच आकार काढलेला असल्यास हे प्रमाणीकरण पुरे पडत नाही आणि उपयोजनालाच स्वतंत्र नियम करून अशी रूपे साठवण्यापूर्वी एकसारखी करून घ्यावी लागतात. हे काम ग्राहक आणि सर्व्हर या दोन्ही ठिकाणी एकाच नियमाने झाले पाहिजे. एकाच बाजूने केल्यास प्रत्येक फेरीत तोच शब्द बदललेला दिसतो.