बत्तीस इंची पातं

मराठी छपाईचा इतिहास सांगताना सगळे टाइपावर आणि यंत्रावर बोलतात. 1831 साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं, 1869 मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर काढला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. छापलेले कागद कापले कशानं, हे मात्र कुणी विचारत नाही. जालना जिल्ह्यातल्या अंकुशनगरात छोटा छापखाना चालवणाऱ्या मला तो प्रश्न जवळचा वाटतो. कापणी वाकडी गेली की चांगली छपाईही रद्दीत जाते.

पूर्वी जिल्दगर कागदाचा गठ्ठा लाकडी शिकंज्यात आवळायचा आणि चौकटीत बसवलेली सुरी पुढंमागं सरकवत थोडीथोडी पानं कापायचा. 1844 साली फ्रान्समध्ये गियोम मासिको यानं कागद कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढं 1855 मध्ये लाइपझिगला कार्ल क्राउझेचा कारखाना उभा राहिला आणि अशी यंत्रं जगभर गेली. वरून दाब, मागं टेकण, मधे तिरपं उतरणारं पातं ही मूळ रचना आजही तीच आहे. छपाईचे खिळे गेले, पायानं चालणारं ट्रेडल यंत्र गेलं, ऑफसेट आलं; कटर राहिला.

आमच्या भागात हे सगळं उशिरा पोचलं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथं निजामाचं राज्य, दरबारी कारभार उर्दूतला. खेड्यात मराठी छपाईला गिऱ्हाईक कुठून असणार? महाकाळ्याजवळ समर्थ सहकारी साखर कारखाना आला, तो उभारणाऱ्या अंकुशराव टोपे यांच्या नावानं अंकुशनगर वसलं. कारखान्याभोवती कागद वाढतो: पावत्या, शेतकऱ्यांचे अर्ज, दुकानांची बिलबुकं. हंगामाचा पैसा हाती आला की लग्नपत्रिका. माझं पोट या कागदावर आहे, म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

छापखान्याला कटर हवा होता, पण नव्याची किंमत झेपणारी नव्हती. जुना मिळाला तो बंद पडलेल्या एका छापखान्यात: अमृतसरची बनावट, बिडाचं अंग, बत्तीस इंची. डबल डेमीचा 23 बाय 36चा ताव मधोमध कापायला पातं 23 इंच चालतं. लांब बाजू मात्र बत्तीसात मावत नाही, म्हणून आधी दोन तुकडे करायचे, मग कडा घ्यायच्या. माझ्या कामाला तेवढं पुरतं.

जुनं मशीन रंगावर घेऊ नये. आधी पातं पाहायचं. धार लावून लावून ते झिजतं. बोल्टच्या भोकांपासून धारेपर्यंत किती पोलाद उरलंय, तेवढंच त्याचं आयुष्य. मग जाड गठ्ठा कापून सगळ्यात वरचा आणि खालचा कागद एकमेकांवर ठेवायचा. खालचा मोठा निघाला तर दाब सैल आहे किंवा धार गेली आहे. एक ताव उलटा फिरवून दुसऱ्याशी जुळवला की मागचं टेकण काटकोनात आहे की नाही तेही कळतं. मी हे सगळं केलं. कागदात केसाइतका फरक होता. टेकणाचे स्क्रू आवळल्यावर तोही गेला.

भाव ठरवताना मालकानं आधी भंगाराचा दर सांगितला. जालना सळ्यांचं गाव, तिथल्या भट्ट्यांना भंगार सतत लागतं. म्हणून आमच्याकडं जुन्या मशीनची बोली किलोवर सुरू होते. कितीतरी ट्रेडल अशीच वजनावर गेली. अजून पंचवीस वर्षं कागद कापू शकणारं यंत्र वितळायला जावं, हे मला पटत नाही. मी भंगारापेक्षा बरंच जास्त मोजलं आणि आनंदानं मोजलं.

या मशीनला हात वाचवणारा सेन्सर नाही. म्हणून पहिल्याच दिवशी नियम केला: कटरवर एकच माणूस, आणि त्याचे दोन्ही हात दांड्यावर असल्याशिवाय पातं खाली येणार नाही. माझ्या पोरानं पहिला गठ्ठा कापला तो बिलबुकांचा, दोनशे तावांचा. चारही कडा सरळ आल्या.