आधी चित्र, मग औषध

१९५० साली डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात मेंदूशल्यचिकित्सा विभाग सुरू केला. पक्षाघात गुठळीमुळे की रक्तस्रावामुळे, हे तेव्हा लक्षणांवरून खात्रीने सांगता येत नसे. आणि गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावात जीव घेऊ शकते. १९७१ मध्ये लंडनला हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. ताजे साकळलेले रक्त क्ष-किरण अधिक शोषते, म्हणून पांढरे दिसते. भौतिकी एवढीच! त्या आधारावर १९९५ च्या अमेरिकी चाचणीत तीन तासांच्या आत अल्टेप्लेज देता आले. मोठ्या धमनीतील गुठळी मात्र औषधाला सहसा दाद देत नाही. ती कॅथेटरने काढल्यावर २०१५ च्या डच चाचणीत ३३ टक्के रुग्ण स्वावलंबी झाले, एरवी १९. चेन्नईतही आज हा उपचार होतो. रुग्ण वेळेत पोहोचला तर.