कटाडिनचा कैवारी

अधिकारपद हातीं असतां जें साधलें नाहीं, तें पद सुटल्यावर साधल्याचीं उदाहरणें राजकारणाच्या इतिहासांत क्वचितच आढळतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ईशान्येकडील मेन संस्थानाचे गव्हर्नर पर्सिव्हल बॅक्स्टर यांचें चरित्र हें असें एक उदाहरण होय.

कटाडिन हा मेनमधील सर्वांत उंच पर्वत. उंची ५,२६७ फूट. पेनॉब्स्कॉट या मूळ रहिवाशांस तो पवित्र. १८४६ सालीं थोरो त्याच्या खांद्यापर्यंत चढून आला होता. पुढें भोंवतालचें अरण्य लाकडाच्या व कागदाच्या कंपन्यांच्या हातीं गेलें. बॅक्स्टर १९२० सालीं पर्वतावर चढले, आणि हा डोंगर लोकांचा असला पाहिजे या ध्यासानें त्यांस कायमचें पछाडलें. १९२१ च्या जानेवारींत गव्हर्नर पार्कहर्स्ट वारले व सेनेटचे अध्यक्ष या नात्यानें बॅक्स्टर त्यांच्या जागीं आले. तथापि कटाडिन विकत घेण्याची त्यांची योजना कायदेमंडळानें मान्य केली नाहीं. गृहस्थ हट्टीच! १९२३ सालीं आपला आवडता कुत्रा मेला तेव्हां त्यांनीं सरकारी निशाण अर्ध्यावर उतरविण्याचा हुकूम सोडला होता, व त्याबद्दल माजी सैनिकांचा रोषही पत्करला होता.

१९२५ सालीं पद गेलें. हट्ट गेला नाहीं. वडिलांनीं डबाबंद खाद्यपदार्थांच्या व्यापारांत मिळविलेली संपत्ति हाताशीं होती. १९३० सालीं ग्रेट नॉर्दर्न पेपर कंपनीकडून सुमारें सहा हजार एकर जमीन त्यांनीं २५,००० डॉलरांस घेतली, आणि पुढल्याच वर्षीं ती संस्थानास अर्पण केली. त्यानंतर तुकड्यास तुकडा जोडीत १९६२ पर्यंत २,०१,०१८ एकर झाले. कोठें कंपनीनें कांहीं वर्षांपुरता तोडीचा हक्क राखून ठेवला, तर तेवढीं वर्षें थांबण्याची त्यांची तयारी असे.

परंतु खरें मर्म दानपत्रांच्या अटींत आहे. संस्थान हें जमिनीचें मालक नव्हे, विश्वस्त. भूमि सदैव नैसर्गिक वन्य स्थितींत राखावयाची. कायदा आज होतो, उद्यां रद्द होतो, हें माजी गव्हर्नराहून कोणास अधिक ठाऊक असणार? १९३७ सालीं त्यांच्याच मागून गव्हर्नर झालेल्या ब्रूस्टर यांनीं तेथें राष्ट्रीय उद्यान करण्याचें विधेयक काँग्रेसपुढें मांडलें, त्यासही बॅक्स्टरनीं कसून विरोध केला. एका माणसानें पुढील पिढ्यांचे हात असे बांधावे काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. मात्र हात बांधले नसते तर कुऱ्हाडी थांबल्या असत्या, असें आम्हांस वाटत नाहीं. शिवाय, वायव्येकडील एका भागांत शास्त्रशुद्ध वनशेतीची मुभा त्यांनीं स्वतःच ठेवली, तेव्हां ते केवळ एकांगी स्वप्नाळू होते असेंही नाहीं.

१९६९ सालीं, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं, ते निवर्तले. उद्यानांत आजही वीज नाहीं, नळ नाहींत. देखभालीसाठीं त्यांनीं सुमारें सत्तर लक्ष डॉलरांचा निधि मागें ठेवला. ज्या कायदेमंडळानें एकदां नकार दिला होता, त्याच्यापुढें हात पसरण्याची पाळी या पर्वतावर पुन्हां येऊं नये, म्हणून.