उपासनामंदिराचे द्वारपाळ : धार-देवासच्या संदर्भात एक विचार

उपासनामंदिराच्या सुरक्षिततेविषयी सल्ला देणारे स्वयंसेवक मंडळीने नेमावेत काय, आणि नेमायचे तर ते कोणातून निवडावेत, हा प्रश्न धार व देवास या जिल्ह्यांतील लहान मंडळ्यांना टाळता येण्यासारखा नाही. विषय पोलिसखात्याचा आहे, धर्मशास्त्राच्या पत्रिकेत त्याचे काय काम, असा आक्षेप कोणी घेईल. तथापि पवित्र शास्त्राने द्वारपाळांच्या नेमणुकीला ज्या बारकाईने जागा दिली आहे, ती पाहता हा आक्षेप टिकणारा नाही.

पहिल्या इतिहासाच्या नवव्या अध्यायात निवडलेल्या द्वारपाळांची संख्या २१२ दिली असून त्यांना दावीद व शमुवेल द्रष्टा यांनी विश्वासाच्या कामावर नेमले, असे सांगितले आहे. ते मंदिराभोवती वस्ती करून राहत आणि दररोज सकाळी दारे उघडणे हे त्यांचे काम असे. सव्विसाव्या अध्यायात दरवाजांसाठी चिठ्ठ्या टाकल्या जातात; लहान घराणे, मोठे घराणे असा भेद तेथे केलेला नाही. पूर्वेची चिठ्ठी शेलेम्याला निघाली आणि उत्तरेची त्याचा पुत्र जखऱ्या याला. या जखऱ्याला शास्त्रलेखकाने एक विशेषण दिले आहे : तो सुज्ञ सल्लागार होता. द्वारपाळांच्या त्या लांबलचक यादीत बलवान म्हणून पुष्कळांचा उल्लेख येतो. सल्लागार म्हणून या एकाचाच. यरुशलेमेवर चालून येणारी सैन्ये बहुधा उत्तरेकडून येत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही चिठ्ठी अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहणार नाही. (हे द्वारपाळ आजच्या अर्थाने स्वयंसेवक नव्हते, हेही सांगितले पाहिजे, लेव्यांना दशमांशाचा वाटा होता.)

आद्य मंडळीनेही हे पद सांभाळले. रोमचा बिशप कर्नेल्य याने इ. स. २५१ च्या सुमारास अंत्युखियाच्या फाबियसला लिहिलेले पत्र इतिहासकार युसेबियसने जतन केले आहे. त्यात रोमच्या मंडळीत ४६ वडील, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ साहाय्यक, आणि भुते काढणारे, वाचक व द्वारपाळ मिळून ५२ जण असल्याची नोंद आहे. शिवाय मंडळी १५०० हून अधिक विधवांचे व गरजवंतांचे पोषण करीत होती. छळाच्या त्या काळात दाराशी उभा असलेला मनुष्य येणाऱ्याचा चेहरा ओळखीत असला पाहिजे. तरवार त्याच्यापाशी नव्हती. पुढे हे पद रोमन मंडळीत केवळ विधीपुरते उरले आणि १९७२ साली पोप सहावे पौल यांनी ते बंद केले. पद गेले, गरज मात्र गेली नाही.

आता माळव्याकडे वळू. धार व देवास ही पवारांची मराठी संस्थाने. देवासात तुकोजी व जिवाजी या दोन भावांच्या शाखा एकाच शहरात नांदल्या : दोन राजे, दोन दरबार, आणि मध्ये वाटलेला गाव. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. अशा गावात एका हद्दीत उठलेली कागाळी दुसऱ्या हद्दीत पोहोचायला वेळ लागत नाही, आणि तेव्हा दोन्हीकडे ज्याचा शब्द चालतो अशा माणसाची किंमत कळते. धारेत कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८९५ च्या सुमारास सुरू झाले. तेथील दवाखान्यात डॉ. मार्गारेट ओहारा यांनी दीर्घकाळ सेवा केली. परधर्मी राजाच्या राज्यात त्या कामाला मुख्य संरक्षण मिळाले ते उपचार घेऊन घरी परतलेल्या बायकांच्या तोंडून, असे आम्हांस वाटते.

धार शहराचे नाव निघाले की भोजशाळा व कमाल मौला मशीद या वास्तूचा वाद डोळ्यांसमोर येतो. १९३५ साली धार दरबाराने तेथे शुक्रवारचा नमाज चालू राहील असे जाहीर केले होते. पुरातत्त्व खात्याच्या ७ एप्रिल २००३ च्या आदेशाने मंगळवार व वसंतपंचमीला हिंदूंना पूजेची आणि शुक्रवारी दुपारी मुसलमानांना नमाजाची परवानगी दिली. वसंतपंचमी शुक्रवारी आली की दोन्ही हक्क एकाच दिवशी एकाच दारात उभे राहतात; २००६, २०१३ व २०१६ साली असे झाले. ११ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने तेथे सर्वेक्षणाचा आदेश दिला. वास्तू कोणाची, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांकडे नाही व आम्ही त्यात शिरत नाही. पण त्या शुक्रवारांचा पाठ पाळकांनी ध्यानात घ्यावा. बंदोबस्ताला बाहेरून आलेला शिपाई दुसऱ्या दिवशी परत जातो. अफवा पसरू लागली तर ती कोणत्या आळीत, कोणाच्या ओट्यावर विझवायची, हे गावातल्याच माणसाला ठाऊक असते.

देवास जिल्ह्याने आम्हां ख्रिस्ती लोकांना याहून कठीण धडा दिला आहे. उदयनगर येथे भूमिहीन मजुरांत काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, नाचनबोरच्या घाटात, सर्वांदेखत हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले. मजुरांना त्यांनी कर्जाच्या विळख्यातून सोडविले, बँकेची वाट दाखविली, आणि त्यामुळे ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांचा रोष ओढवून घेतला. त्या बसला कोणती भिंत आड येणार होती? फाटकाला दुसरे कुलूप लावून असा धोका कळत नाही. गावात कोण कोणावर का रागावला आहे, हे जो ऐकतो व वेळेवर येऊन सांगतो, तो सल्लागार. त्या सिस्टरच्या धाकट्या भगिनीने २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. क्षमेचे ते सामर्थ्य मान्य करूनही सावधगिरीची जबाबदारी मंडळीवरून उतरत नाही.

निवड कशी करावी, याचे एक उत्तर भिवंडीत सापडते. १९७० व १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा दोन्ही समाजांतील सामान्य माणसे घेतली आणि पोलिसाला त्यांच्यासोबत नियमाने बसविले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या अनुभवावरून १९९४ साली मुंबईत ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी व सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समितीचे काम हाती घेतले. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी यहुदी समाजाची सुरक्षा-संस्था धर्मादाय म्हणून नोंदली गेली. प्रशिक्षित स्वयंसेवक सभास्थानांच्या दाराशी उभे करणे व इतर धर्मीयांनाही सल्ला देणे असे तिचे काम आहे. मध्य प्रदेशातही ग्राम व नगर रक्षा समित्यांसाठी १९९९ चा कायदा आहे, हे पुष्कळ पाळकांना ठाऊक नसते.

या सर्वांवरून आमचे मत असे की सल्लागार मंडळीतीलच असला पाहिजे हा आग्रह सोडावा. निवृत्त हवालदार, विजेची जोडणी जाणणारा कारागीर, रस्त्यापलीकडचा दुकानदार, शाळेतील शिक्षक, आणि बायकांच्या बैठकीत जिचा शब्द ऐकला जातो अशी एखादी वडीलधारी स्त्री. यांतील दोघे-तिघे परधर्मी असले तर अधिकच उत्तम. ज्याला शिट्टी व काठी मिळण्याची घाई आहे तो नको. तरुणांचे पथक उभारून नाताळात रस्ता अडविण्याने शेजारी शत्रू होतात, आणि मग खरोखरच पथकाची गरज पडते. सल्लागाराने वर्षातून दोनदा मंदिर पाहावे : दारे बाहेरच्या बाजूस उघडतात की नाही, जुन्या तारा कोठे उघड्या आहेत, मेणबत्त्यांजवळ पडदा लोंबतो काय. माळव्यातील मंदिरांना दंगलीपेक्षा आगीचे भय अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

द्वारपाळाची विचारपूस किती मोलाची असते, हे २१ एप्रिल २०१९ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, श्रीलंकेतील मट्टकळप्पू येथे दिसले. सियोन मंदिराच्या दाराशी एका साध्या सभासदाने जड पिशवी घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला थांबवून प्रश्न विचारले व आत जाऊ दिले नाही. स्फोट बाहेर झाला. बाहेर असलेली अनेक मुले त्यात मृत्युमुखी पडली आणि तो सभासदही. आत बसलेली मंडळी वाचली. कोणी त्याला बंदूक दिली नव्हती. येणाऱ्याशी बोलावे, एवढे त्याला ठाऊक होते.

धार किंवा देवासच्या पाळकाने पहिल्या बैठकीसाठी तारीख ठरविताना मंगळवार, शुक्रवार व बाजाराचा दिवस टाळावा, म्हणजे ज्यांना बोलावायचे आहे ते येऊ शकतील. चहा मंदिराच्या ओसरीवर द्यावा, आणि किल्ल्या कोणाकोणापाशी आहेत, या प्रश्नापासून बोलणे सुरू करावे.