गोवा पावडर, जी गोव्याची नव्हतीच

पावसाळा सुरू झाला की आमच्या घरी दोन गोष्टी हमखास येतात. टाकळ्याची भाजी आणि कुणाला तरी नायटा. गेल्या वर्षी नायट्याचा मान माझा होता.

औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. चार दिवसांत खाज थांबली, मी खूश! पंधरा दिवसांनी तोच नायटा दुप्पट होऊन परत आला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तर त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. बुरशीच्या औषधाबरोबर त्यात स्टिरॉइडही होतं. त्यानं खाज दबते आणि बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. घरी आल्यावर आई म्हणाली, "आजी असती तर टाकळ्याचं बी आंबट ताकात वाटून लावलं असतं. ही वेळच आली नसती."

आजीचं खरं की काय, ते बघायला बसलो आणि थेट ब्राझीलला जाऊन पोचलो. त्याचीच ही गोष्ट.

एकोणिसाव्या शतकात गोव्यात आणि मुंबईत नायट्यावर एक पिवळसर भुकटी मिळायची. महाग, आणि कशापासून बनते ते गुपित. गोव्यातले ख्रिस्ती लोक ती पूर्वीपासून वापरत. १८६४ मध्ये मुंबईच्या केम्प नावाच्या औषधविक्रेत्यानं इंग्लंडमधल्या औषधशास्त्राच्या नियतकालिकात तिच्याबद्दल लिहिलं, आणि 'गोवा पावडर' हे नाव तिकडेही गेलं. पुढे १८७४ मध्ये कलकत्त्यात नाव कमावलेल्या डॉ. जोसेफ फेअरर यांनी लंडनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात तिच्यावर लिहिलं.

तो लेख ब्राझीलमधल्या बाहियाच्या डॉ. दा सिल्वा लिमा यांच्या वाचनात आला आणि ते चक्रावले. ही तर आमचीच अरारोबा! १८७५ मध्ये त्यांनी तसं कळवलं. बाहियाच्या जंगलातल्या एका मोठ्या झाडाच्या खोडात भेगा असतात, त्यांत ही भुकटी साठते. झाड तोडून, फोडून ती खरवडून काढायची. ती उडून लाकूडतोड्यांचे डोळे आणि चेहरा सुजायचा. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्यात आली आणि गोव्याचीच होऊन बसली. मिरची नाही का आली तशीच!

मग रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. १८७८ मध्ये जर्मनीत लीबरमान आणि सायडलर यांनी तिच्यातलं मुख्य द्रव्य ओळखलं, क्रायसारोबिन. त्याआधीच, १८७६ मध्ये, लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर यांना ही पावडर सोरायसिसवरही चालते हे दिसलं होतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीला अरारोबा मिळेना, तेव्हा तिकडे क्रायसारोबिनसारखंच एक द्रव्य कारखान्यात बनवलं गेलं. १९१६ पासून वापरात आलेलं ते डिथ्रॅनॉल सोरायसिससाठी आजही वापरतात.

आता आजीकडे येऊ. टाकळ्याची संस्कृत नावं बघा: चक्रमर्द आणि दद्रुघ्न. दद्रु म्हणजे नायटा. आणि टाकळ्याच्या बियांत सापडतात क्रायसोफॅनॉल आणि इमोडिन, म्हणजे अरारोबातल्या द्रव्यांचीच भावंडं. बाहियातल्या लोकांनी आणि आपल्याकडच्या लोकांनी, एकमेकांची ओळखदेख नसताना, एकाच रोगासाठी एकाच कुळातली रसायनं निवडली होती. हे वाचलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

पण आई, आता पुढचंही वाच. गोवा पावडरनं कातडी जळायची, कपड्यांना न निघणारे डाग पडायचे, डोळ्यांत गेली तर डोळे लाल व्हायचे. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हे काही खरं नाही.

आणि बुरशीही आता तेव्हाची राहिलेली नाही. भारतात हल्ली चिवट नायट्याला कारण असलेल्या एका बुरशीला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं नाव मिळालं, म्हणजे चक्क आपल्या देशाचं! नेहमीचं टर्बिनाफिन तिच्यावर बऱ्याचदा चालत नाही. शिवाय बुरशी आणि जिवाणू स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. दातांवरचं किटण हे त्याचं घरातलं उदाहरण. या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. म्हणून आता शास्त्रज्ञ पुन्हा वनस्पतींकडे वळले आहेत. इमोडिननं कँडिडा या बुरशीचा असा थर वाढायचा थांबतो, हे प्रयोगशाळेत दिसलंय. मात्र काचेच्या बशीत थांबलेली बुरशी आणि माणसाच्या कातडीवरची बुरशी यांत बरंच अंतर आहे. किती द्यायचं, किती दिवस, कातडीला काय होतं, हे सगळं तपासावं लागतं. गोवा पावडरपासून डिथ्रॅनॉलपर्यंत यायला चाळीस वर्षं गेली.

माझा नायटा शेवटी डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनीच गेला, तोही दोन महिन्यांनी. आजीचं निरीक्षण चूक नव्हतं, एवढं मात्र आता मी आईला छातीठोकपणे सांगू शकतो. टाकळ्याची भाजी चालूच आहे. नारळ जरा जास्त घालतो, इतकंच.