पळणाऱ्याची किंमत

आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक निळा शर्ट घडी करून ठेवलेला आहे. न्यू यॉर्क जायंट्सचा, २६ नंबरचा. २०१८ साली चिरंजीव दहा वर्षांचे होते, तेव्हा हट्टाने घेतलेला. आता तो त्याच्या एका दंडालाही पुरणार नाही. पण "कुणाला तरी देऊन टाकू या का?" असं त्याच्या आईने विचारलं की घरात एकदम शांतता पसरते.

हे आठवायचं कारण म्हणजे मामाचा फोन. मामाला कुठल्याही खेळातल्या पैशांच्या बातम्या वाचायची भारी हौस. "अरे, त्या तुमच्या बार्कलीला वर्षाला दोन कोटी डॉलर? नुसतं पळायचे?" मी फोनवर काहीतरी सांगितलं, पण त्याचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडं खेळाबद्दल. (आमच्या सौ.चा लाडका आक्षेप: "चेंडूला पाय लागत नाही, तर फुटबॉल कसला?" तो मला मान्य आहे, पुढे जाऊ.) अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅक म्हणजे ज्याच्या हातात चेंडू देऊन त्याला समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसवतात तो. कबड्डीतली चढाई डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच की इथले पकडणारे गडी शंभर-दीडशे किलोचे, आणि अशी चढाई एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा करायची. तो जितके यार्ड पुढे जाईल तितकी त्याची कमाई. त्याच्यासाठी वाट फोडणारे पाच धिप्पाड गडी असतात, त्यांची नावं सहसा कुणाला माहीत नसतात. हे पाच जण लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मामाचा प्रश्न नवा नाही. तो साधारण शंभर वर्षं जुना आहे, आणि गंमत म्हणजे तो पुन्हा पुन्हा एकाच घराण्याच्या दारात येऊन उभा राहिलाय. हे घराणं म्हणजे मारा. आपल्या 'मारा'शी काही संबंध नाही, आयरिश मंडळी आहेत. टिम मारा हा न्यू यॉर्कचा बुकी, म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणारा. त्यावेळी तो धंदा तिथे कायदेशीर होता. १९२५ साली त्याने जायंट्स हा संघ काढला. व्यावसायिक फुटबॉलला तेव्हा काडीची प्रतिष्ठा नव्हती. लोक कॉलेजचे सामने बघायला गर्दी करत आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांकडे नाक मुरडत. डिसेंबर उजाडेपर्यंत माराचे खिसे बरेच हलके झाले होते.

त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात रेड ग्रेंज नावाचा पोरगा खेळत होता. देशभर त्याचं नाव झालेलं. मारा त्याला करारबद्ध करायला निघाला, पण शिकागो बेअर्सने आधीच गाठलं होतं. मग त्याने दुसरी गोष्ट मिळवली: बेअर्सनी न्यू यॉर्कला येऊन जायंट्सशी खेळावं. ग्रेंज आपल्या संघात नाही तर नाही, समोरच्या संघात तर असेल!

ग्रेंजचा कारभार सी. सी. पाइल नावाचा एक थिएटरवाला बघत होता. खेळाडूचा एजंट हा प्राणी बहुतेक त्याच्यापासूनच सुरू झाला. २६ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर १९२५, या अठरा दिवसांत बेअर्सचे दहा सामने लावले. ६ डिसेंबरला पोलो ग्राउंड्सवर सत्तर हजारांच्या आसपास माणूस लोटला. बेअर्स १९-७ असे जिंकले, ग्रेंजने समोरच्याचा पास मध्येच पकडून टचडाउन केला. मारा सामना हरला आणि संघ वाचला. त्या एका दिवसाच्या गल्ल्यातून वर्षभराचा तोटा भरून निघाला. जायंट्स आज आहेत ते त्या रविवारमुळे, असं त्यांचे चाहते अजून सांगतात.

आणि त्यानंतर आठवड्याभरात काय झालं पाहा. ग्रेंजच्या दंडाला मार बसला. डेट्रॉइटच्या सामन्यात तो उतरणार नाही हे कळल्यावर हजारो लोकांनी खिडकीवर जाऊन तिकिटाचे पैसे परत घेतले. म्हणजे अठरा दिवसांतच दोन्ही बाजू दिसल्या. हा माणूस सत्तर हजार लोकांना खेचून आणतो, आणि हा माणूस तीन आठवडेसुद्धा धड टिकत नाही.

पुढच्या वर्षी पाइलने बेअर्सकडे चांगला पगार आणि संघाच्या मालकीत एक तृतीयांश वाटा मागितला. जॉर्ज हॅलसने नकार दिला. मग पाइलने न्यू यॉर्कमध्येच नवा संघ मागितला, तर आडवा कोण आला? टिम मारा. ज्या पोराच्या जिवावर वर्ष काढलं त्यालाच गावात येऊ देईना. धंद्याच्या दृष्टीने त्याचं बरोबरच होतं म्हणा. पाइलने रागाने स्वतःची लीग काढली, ती एका हंगामात झोपली. १९२७ साली ग्रेंजचा संघ मूळ लीगमध्ये परत आला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये शिकागोत, बेअर्सविरुद्ध, ग्रेंजचा गुडघा गेला. १९२८ चा हंगाम तो बसूनच होता. परत आला तो बेअर्सकडे, पण पूर्वीचं ते वळण, ती चपळाई गेली ती गेलीच. आपण नंतर चारचौघांसारखेच झालो, हे तो स्वतःच मोकळेपणी सांगायचा. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. डिसेंबर १९३३ मध्ये अजिंक्यपदाच्या लढतीत बेअर्स २३-२१ असे पुढे होते आणि शेवटच्या क्षणी समोरचा खेळाडू चेंडू घेऊन सुटला होता. ग्रेंजने त्याला पायाशी न धरता चेंडूसकट वर मिठी मारली, कारण चेंडू शेजारच्याकडे गेला असता तर सामना गेला असता. तो पळण्यासाठी प्रसिद्ध झालेला माणूस बचाव करून जिंकला. समोर कोण होतं? जायंट्स.

मधला बराच इतिहास मी उडी मारून टाळतो. पण १९९३ टाळता येत नाही. डॅलसचा एमिट स्मिथ लागोपाठ दोन वर्षं सगळ्यात जास्त यार्ड पळाला होता, संघ विजेता होता, आणि मालक जेरी जोन्स पैसे देईना. स्मिथ घरी बसला. डॅलस पहिले दोन सामने हरलं. दुसऱ्या पराभवानंतर त्यांच्या एका खेळाडूने ड्रेसिंग रूममधल्या भिंतीवर हेल्मेट फेकून मारलं, आणि मालकाला अर्थ कळला. चार वर्षांचे १ कोटी ३६ लाख डॉलर. त्या हंगामाचा शेवटचा साखळी सामना २ जानेवारी १९९४ ला इथे न्यू जर्सीत, अर्थातच जायंट्सशी. गटविजेता ठरणार होता. स्मिथचा खांदा सामन्याच्या मध्यातच निखळला. तरी तो जादा वेळेपर्यंत खेळला, ३२ वेळा चेंडू घेऊन घुसला, पळून आणि झेलून मिळून २२९ यार्ड काढले. डॅलस १६-१३ असं जिंकलं, पुढे सुपर बोलही जिंकलं. लीगचा सर्वोत्तम खेळाडू स्मिथ, सुपर बोलचाही स्मिथ.

"मग द्यायला हवेत पैसे!" मामा म्हणेल. थांब मामा.

टिकी बार्बर. जायंट्सचाच. २००५ मध्ये १८६० यार्ड पळाला, आणि २००६ चा हंगाम संपल्यावर चांगला खेळत असतानाच निवृत्त झाला. आता जायंट्सचं कसं होणार म्हणून सगळे गळे काढत होते. पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी २००८ मध्ये, जायंट्सनी तोवर १८ पैकी १८ सामने जिंकलेल्या न्यू इंग्लंडला १७-१४ असं हरवून सुपर बोल जिंकला. बार्बरच्या जागी कोण? ब्रँडन जेकब्स, आणि भरतीच्या अगदी सातव्या म्हणजे शेवटच्या फेरीत उचललेला अहमद ब्रॅडशॉ. मला वाटतं, जायंट्सच्या कचेरीत बसणाऱ्यांच्या मनावर या गोष्टीचा ठसा कायमचा उमटला असणार.

आणि बाहेरही पुरावे साठत होतेच. सिएटलच्या शॉन अलेक्झांडरला २००६ मध्ये आठ वर्षांचा ६ कोटी २० लाखांचा करार मिळाला, दोन हंगामांत तो घरी. टॉड गर्लीला २०१८ मध्ये मोठा करार, २०२० मध्ये नारळ. डॅलसने इझिकिएल एलियटला २०१९ मध्ये सहा वर्षांची ९ कोटींची मुदतवाढ दिली, २०२३ मध्ये त्यालाही नारळ.

यामागचं गणित समजलं तेव्हा मला खरं तर राग आला. प्रत्येक संघाला पगारासाठी ठरावीक रक्कम असते, एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी. २०११ च्या करारानंतर नव्या पोराचा पगार पहिली चार वर्षं बांधलेला. पहिल्या फेरीत निवडलेला असेल तर पाचवं वर्षही संघाच्या मर्जीवर. त्यानंतर 'फ्रँचायझी टॅग' लावून आणखी एक वर्ष ठरलेल्या रकमेत अडकवता येतं. म्हणजे सहा वर्षं झाली. बाविसाव्या वर्षी आलेला क्वार्टरबॅक तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, अजून दहा वर्षं खेळेल. बाविसाव्या वर्षी आलेला रनिंग बॅक तेव्हा दीड-दोन हजार धडका खाऊन बसलेला. मोकळा होतो तेव्हा दुकानातला माल संपत आलेला असतो, आणि मग मालक विचारतात की एवढे पैसे कशाचे? गेल्या वर्षांचे का देऊ? उत्तर असं की गेल्या वर्षांचे तुम्ही दिलेच नाहीत! पण हा हिशेब मांडायची सोय त्या कागदात नाही.

सेक्वॉन बार्कलीचं नेमकं हेच झालं. २०१८ मध्ये जायंट्सनी त्याला अख्ख्या भरतीत दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. चार वर्षांचे तीन कोटींहून जास्त, हे काही कमी नव्हे, हे मान्य. पहिल्याच वर्षी त्याने पळून आणि झेलून दोन हजारांवर यार्ड काढले. (शर्ट तेव्हाचा.) सप्टेंबर २०२० मध्ये गुडघा गेला. कुठे? शिकागोत, बेअर्सविरुद्ध. मी ते टीव्हीवर पाहत होतो आणि ग्रेंज आठवून अंगावर काटा आला होता. २०२२ मध्ये तो परत उभा राहिला, १३१२ यार्ड पळाला. पुढच्या मार्चमध्ये जायंट्सनी क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचे १६ कोटी दिले आणि बार्कलीला लावला टॅग, एक वर्ष, एक कोटी. २०२४ मध्ये तोही संपला आणि त्याला जाऊ दिलं. फिलाडेल्फियाने तीन वर्षांचे पावणेचार कोटी देऊन घेतला.

त्या दिवसांत जायंट्सच्या कचेरीत एका टीव्ही मालिकेचे कॅमेरे लागलेले होते. टिम माराचा नातू जॉन मारा, आताचा एक मालक, आपल्या व्यवस्थापकाला सांगताना दिसतो की बार्कली फिलाडेल्फियाला गेला तर मला रात्री झोप लागणं अवघड होईल. तरी त्याने हुकूम काढला नाही. मालक म्हणून त्याला ते शोभलं, असं मला अजूनही वाटतं. चिरंजीव याबाबत माझ्याशी अजून बोलायला तयार नाहीत.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बार्कली २०२४ मध्ये २००५ यार्ड पळाला. ऑक्टोबरमध्ये इथे येऊन जायंट्सवर १७६ यार्ड काढून गेला. १९८४ चा एरिक डिकरसनचा २१०५ चा विक्रम मोडायला शेवटच्या सामन्यात १०१ हवे होते, आणि समोर पुन्हा जायंट्सच. पण सुपर बोलच्या वाटेवर धोका नको म्हणून त्याला बसवून ठेवलं. जायंट्सनी त्या हंगामात ३ जिंकले, १४ हरले. डॅनियल जोन्सला नोव्हेंबरातच मोकळं केलं होतं. ९ फेब्रुवारी २०२५ ला, बार्कलीच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, फिलाडेल्फियाने सुपर बोल ४०-२२ असा जिंकला. त्या सामन्यात तो स्वतः किती पळाला? ५७ यार्ड. समोरच्यांनी सगळी ताकद त्याला अडवण्यात घातली आणि बाकीच्यांनी हात धुऊन घेतले.

आता ते पाच गडी. फिलाडेल्फियाकडे लेन जॉन्सन आहे, आणि ऑस्ट्रेलियातून रग्बी सोडून आलेला जॉर्डन मायलाटा, सहा फूट आठ इंच. यांच्या मागे पळणारा बार्कली आणि जायंट्सच्या गळक्या भिंतीमागे पळणारा बार्कली, माणूस एकच. जायंट्सकडे राहिला असता तर दोन हजार पळाला नसता, याबद्दल मला शंका नाही. म्हणून "जायंट्स मूर्ख" हे ऑफिसातलं सोपं निदान मला पटत नाही. ज्याचं घर बांधून झालंय त्याने झुंबर घ्यावं. जायंट्सच्या घराला छप्पर नव्हतं. मूर्खपणा झाला तो छपराचे पैसे भलतीकडे घातले तिथे.

मार्च २०२५ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला दोन वर्षांचे चार कोटी बारा लाख वाढवून दिले. मामाने वाचलं ते हे. त्याच्या जागेवरच्या माणसाला तोवर कुणी वर्षाला दोन कोटी दिले नव्हते. पुढच्या हंगामात तो २००५ च्या आसपासही फिरकला नाही, आणि लगेच लोक म्हणायला लागले, बघा!

मी मामाला इतकंच म्हणालो की ते पैसे २०२४ चे आहेत, उशिरा मिळालेले. मामा हसला. म्हणाला, "अरे, मग पेन्शन म्हण की!"

शर्टाचा विषय संध्याकाळी पुन्हा निघाला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, राहू दे ना. जागा कितीशी लागते?"